पळसदेवची पैज

७ मे, गुरुवार

गाडी वजनकाट्यावर नेली. काटेवाला आकडा बघून हसला. "साहेब, आत ऊस भरलाय व्हय?"

ऊस नाही बाबा, आमच्या साहेबांची हौस भरलीय. साहेब म्हणजे माधव, माझा नवरा. जन्मभर वालचंदनगरला कारखान्यात खोलीएवढे गिअरबॉक्स जुळवले. निवृत्त झाल्यावर वर्षभर टीव्हीसमोर बसून होते, बोलायचं नाही, चालायचं नाही. मग कुठूनशी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणली आणि तिचं चाकावरचं घर करायला घेतलं. पण हाताला सवय कारखान्याची. मसाल्याच्या डब्यांसाठी फळी मागितली तर जाड लोखंडी प्लेट वेल्ड करून दिली! तिच्यावर हत्ती बसेल. सध्या धन्याची बरणी बसलीय.

आता नियम निघालाय — जड सगळं खाली आणि चाकांच्या जवळ, वरच्या कपाटात फक्त कपडे. आणि नवीन काही आत यायचं तर तितक्याच वजनाचं काहीतरी बाहेर. मी म्हटलं, "मग मीच उतरते." तर म्हणाले, "तुला सामानात धरलेलं नाही." हे कौतुक होतं का टोमणा, अजून कळलं नाही.

८ मे, शुक्रवार

आज भांडण. बऱ्याच दिवसांनी, खणखणीत.

क्वार्टर महिनाअखेर सोडायची. साहेबांचं म्हणणं, गाडीतच राहू. आज कोकण, उद्या विदर्भ. माझं म्हणणं, बारामतीचा फ्लॅट. अनिमेषनं बघून ठेवलाय. मुलगा पुण्यात असतो, पण आईचं दुखणं त्याला कळतं. दुसरा मजला, पूर्वेला स्वयंपाकघर. आणि भिंती माझ्या! लग्न झाल्यापासून क्वार्टरमध्ये राहतेय. भिंत कंपनीची, म्हणून साधा खिळा ठोकताना हात आखडायचा. कॅलेंडर सगळी वर्षं कपाटाच्या मुठीला लटकलं. दार उघडलं की महिना फडफडायचा.

शेवटी पैज लागली. रविवारपासून उजनी धरणाच्या काठी पळसदेवला जाऊन राहायचं. गाडीत असा एक जरी बिघाड झाला की जो ह्यांना दुरुस्त करता आला नाही, तर गाडी विकायची, फ्लॅट घ्यायचा. सगळं दुरुस्त झालं तर फ्लॅट विसरायचा. निकाल शुक्रवारी, कारण शनिवारी अमावस्या आणि रविवारपासून अधिक महिना. अधिकात घराचं नक्की करायचं नाही म्हणून अनिमेष अडून बसलाय, आणि फ्लॅटवाला महिनाभर थांबणार नाही.

मी लगेच हो म्हटलं. ह्यांना आश्चर्य वाटलं. वाटू दे. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. बिघाड आपोआप होईल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांतली मी नाही.

९ मे, शनिवार

दिवसभर अभ्यास. साहेबांच्या मागे मागे फिरले आणि भोळा चेहरा करून सगळं विचारून घेतलं. बिचारे इतके खूश झाले! वर्षभरात बोलले नसतील तेवढं आज बोलले.

पाण्याची टाकी निघताना काठोकाठ भरायची नाही, पाणी डुचमळतं आणि वळणावर गाडी ओढते. मुक्कामाला पोचून भरायची. चाकातली हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. गॅसचा कॉक चालत्या गाडीत बंद. जोडणीला साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा आला तर गळती. गॅसला मात्र मी हात लावणार नाही. पैज जिंकायचीय, बारावं घालायचं नाही.

सामानात खलबत्ता घेतला. हे बघत होते.

१० मे, रविवार

पोचलो. इंदापूरला कलिंगड घेतलं. पळसदेवला भीमाच्या रानाच्या कडेला गाडी लावली. भीमा उजनीत मासे धरतो, काठाला ऊस करतो. त्याची पत्र्याची होडी ह्यांनी एकदा सांधून दिली होती, म्हणून साहेबांना देव मानतो. त्याची बायको छबूबाई मानत नाही. तिनं गाडीत डोकं घालून चूल बघितली, पलंग बघितला, मोरी बघितली आणि मला म्हणाली, "म्हंजी घर संगच घिऊन आलासा? मंग रुसून जायाचं कुटं?"

अगदी माझ्या मनातलं! चाळीस वर्षांत मी तीन वेळा रुसून माहेरी गेले. गाडीत रुसायचं तर ड्रायव्हरशेजारची सीट, बस्स.

पाणी फार खाली गेलंय. एरवी धरणात बुडालेलं जुनं देऊळ पूर्ण उघडं पडलंय, कोरड्या चिखलात उभं. भीमा म्हणतो, "आता चालत जाता येतंय, मावशी."

संध्याकाळी कामाला लागले. हे भीमाकडे गेल्याबरोबर फ्यूजच्या डबीतून पंपाचा फ्यूज उपटला. लपवायचा कुठं? मेतकुटाच्या डब्यात, तळाशी. परत आले, हात धुवायला नळ सोडला — ठणठणाट.

साहेबांनी कान लावला. "पंपाचा आवाजच नाही. म्हणजे वीज नाही. आधी फ्यूज बघायचा, मग वायर, मग पंप. लोक उलटं करतात आणि नवा पंप आणतात." फ्यूजची जागा रिकामी. "खड्ड्यात उडून पडला वाटतं," म्हणाले, आणि खिशातून नवा काढून बसवला. खिशातून! फ्यूज काय शेंगदाणे आहेत खिशात ठेवायला?

११ मे, सोमवार

सकाळी ह्यांना मेतकूट-भात लागतो, हे मी साफ विसरले. आणि आज स्वतःच डबा ओढून वाढून घेतलं. मी नुसती डब्याकडे बघत बसले. हे शांतपणे जेवले. "मेतकूट छान झालंय."

वाचले. फ्यूज तळाशी होता.

आजचा प्रयोग — गाडी समतल राहावी म्हणून डाव्या चाकाखाली घातलेली फळी माती उकरून काढली. गाडी एका अंगाला झुकली. कढईतलं तेल एका कडेला, आणि कपाटाचं दार आपलं आपण उघडून ह्यांच्या डोक्यात. (हे ठरवलेलं नव्हतं. वाईट वाटलं. थोडं हसूही आलं.) साहेबांनी गवंड्याची पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली, बुडबुडा मधे येईपर्यंत जॅकनं चाक उचलून फळ्या सरकवल्या. वर मला शिकवलं — आधी आडवी बघायची, मग उभी, आणि डोकं नेहमी उंच बाजूला करून झोपायचं. "ये, तू कर." मी केलं. बुडबुडा मधे आला तेव्हा उगाच बरं वाटलं.

खाली उतरून हे शीळ घालत होते. शीळ! ह्यांना शीळ घालता येते हेच मी विसरले होते.

१२ मे, मंगळवार

काल रात्रभर पंखा, दिवे, फोनचे चार्जर, सगळं चालू ठेवलं. सकाळी बॅटरी मेली. "अरेरे," मी म्हटलं. चांगलं म्हटलं, शाळेच्या गॅदरिंगची तालीम वाया गेली नाही.

साहेब शिडीवर चढले. टपावरच्या सोलरवर बोटभर धूळ. ओल्या फडक्यानं पुसलं. पुसायचं ते ऊन चढायच्या आत, तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. दुपारपर्यंत बॅटरी जिवंत.

मग खाली बोलावून एक खाच दाखवली. तिथं काम घट्ट धरून ठेवायचा त्यांचा लाडका व्हाइस बसवायचा होता — लोखंडी, जड, नोकरीच्या पहिल्या पगारातला. जागा रिकामी. "कुठाय?" "घरी ठेवला. तुझा खलबत्ता आत आला ना." एवढंच बोलून पुन्हा शिडीवर.

दुपारी मला काही सुचेना. लसूण कुटत बसले. नको इतका कुटला.

१३ मे, बुधवार

आज काही मोडलं नाही. सुट्टी घेतली. दोघं देवळापर्यंत चालत गेलो. खांबांना शिंपले चिकटलेत. हे म्हणाले, "पाणी आलं की हे बुडतं, गेलं की पुन्हा दिसतं. तरी जागचं हललेलं नाही." मी म्हटलं, "बघा, स्थिर राहण्याचे फायदे." मोठ्यानं हसले. छबूबाईनं लांबून बघितलं आणि परतताना मला कोपर मारलं. "नवीन लगीन झाल्यावानी चाललाया!"

या वयात लाजले मी. लिहायलाही लाज वाटतेय.

अनिमेषचा फोन. "आई, शुक्रवारी नक्की ना? बाबांची गाडी पडली का बंद?" म्हटलं, "प्रयत्न चालू आहेत." तो समजला ते वेगळं आणि मी म्हणाले ते वेगळं.

१४ मे, गुरुवार

आजचं मी मुद्दाम केलं नाही. शपथ.

सकाळी हे नदीकडे गेले होते. मी कॅलेंडर काढलं. सोबत आणलं होतं, का ते माहीत नाही. पलंगाशेजारची प्लायवूडची भिंत रिकामी होती. खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि ठोकला खिळा. पहिला, दुसरा, तिसरा ठोका — आणि भिंतीतून पाण्याची चिळकांडी, सरळ माझ्या तोंडावर! मागं पाइप होता. गादी भिजली, कॅलेंडर भिजलं, मे महिन्याचा लगदा झाला. मी बोट लावून उभी, ओरडतेय. छबूबाई धावत आली आणि आधी पोटभर हसली, मग ह्यांना हाक मारली.

हे आले. पंप बंद केला. पाइप कापला, जोड बसवला, दोन्हीकडून पट्टी आवळली. एक शब्द रागाचा नाही. मग पेन्सिल घेऊन भिंतीवर रेघ ओढली. "इथून पाइप जातो. रेघेच्या वर कुठंही ठोक." आणि स्वतःच्या हातानं खिळा माझ्या चिमटीत दिला. "घर तुझं, खिळा तुझा."

मला रडू फुटलं. इतकं की थांबेना. एवढ्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं ते या डुगडुगत्या डब्यात. मी रडत रडतच म्हटलं, "मला कधी माझी भिंतच मिळाली नाही हो." पुढचं बोलायचं होतं — की आज मिळाली. पण हुंदक्यात ते राहूनच गेलं. मग खिळा ठोकला. ओलं कॅलेंडर टांगलं. वाकडं टांगलंय. राहू दे वाकडं.

दुपारी पुण्याचं एक जोडपं फ्लेमिंगो बघायला आलं, त्यांच्याकडेही अशीच गाडी, एका अंगाला कललेली. मी पाणसळ घेऊन गेले. आधी आडवी, मग उभी. सोलर सकाळी पुसा. टाकी मुक्कामाला भरा. भिंतीवर पाइपची रेघ ओढून ठेवा, हे तर माझ्या जिवावरचं ज्ञान! बाई म्हणाली, "काकू, तुम्ही किती वर्षं फिरताय?" मी म्हटलं, "झाली बरीच." थाप मारली. मजा आली.

तर ठरलं. उद्या काही उपटायचं नाही, काही झुकवायचं नाही. मी हरणार. मला कोकण बघायचंय, विदर्भही. आणि ह्यांची शीळ ऐकायचीय, ती फ्लॅटमध्ये आली की पुन्हा टीव्हीसमोर बंद पडेल. पण आत्ताच सांगणार नाही. ह्यांना जिंकल्याचा तोरा एक दिवस उशिरा आला तर काही बिघडत नाही.

दुपारपासून ह्यांची शीळ नाही. सारखे कॅलेंडरकडे बघतात. पाइपचं काम वाकून केलं, दमले असतील.

१५ मे, शुक्रवार

सकाळी नळाला पाणी नाही. पंप मुका. मी काही केलेलं नाही!

साहेबांनी फ्यूजच्या डबीकडे बघितलंसुद्धा नाही. पंपाशी थोडं खुडबुडले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सरू, हा काही मला सापडत नाही. हरलो. अनिमेषला फ्लॅटचं कळव. तुला भिंती हव्यात, त्या घेऊ." चेहरा अगदी सरळ, आवाज मात्र तितका सरळ नाही.

मी भात वाढला. मेतकुटाचा डबा उघडला, चमचा तळापर्यंत घातला.

दोन फ्यूज.

एक पंपाला बसवला, नळ सोडला, तांब्या भरून ह्यांच्यापुढं ठेवला. मग अनिमेषला फोन लावला, "फ्लॅट नको रे." हे बघतच राहिले. दुसरा फ्यूज परत डब्यात टाकला. संसार आहे, लागेल.