सासऱ्यांचं व्हायोलिन, लॉसलेस

२ नोव्हेंबर, रविवार
सासूबाईंकडे जेवायला. साडू माझ्या आधी पोचलेला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. त्या घरात एकुलता एक जावई असल्यासारखा वावरतो. आज त्याने दिवंगत सासऱ्यांच्या व्हायोलिनची जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून हार्ड डिस्कमध्ये आणली. टेप इतकी झिजली आहे की पुन्हा वाजणार नाही म्हणे. सव्वादोन तासांचं वादन आहे आणि अगदी शेवटी व्हायोलिन खाली ठेवून सासरे सासूबाईंशी दोन शब्द बोलतात. सासूबाई म्हणाल्या, मला ते बोलणं तेवढं ऐकायचंय, पण एकटीला धीर होणार नाही. सोळा तारखेला माझ्या पंचाहत्तरीला सगळे असाल तेव्हा लावा.
साडू म्हणाला, फाईल अवाढव्य झाली आहे, फ्लॅकमध्ये बदलली की निम्मी होईल आणि आवाजाचा कणही जाणार नाही. याला लॉसलेस म्हणतात. क्लिनिक सांभाळून बघतो, असं तो म्हणत होता. मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. मी करतो, म्हणालो.
फ्लॅक म्हणजे काय ते येताना गाडीत मोबाईलवर वाचलं. ही वाटभर माझ्याकडे बघत होती. कौतुकानेच असावं.

३ नोव्हेंबर, सोमवार
सोपं आहे. उगाच बाऊ करतात.
फाईलच्या नावापुढे wav असं होतं. ते पुसून flac लिहिलं. क्षणात काम फत्ते. साडूने यात दोन रविवार घालवले असते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आकार तसूभर कमी झालेला नाही. ही म्हणाली, डब्यावरची चिठ्ठी बदलून आतली साखर मीठ होत नाही. हिला टेक्निकल गोष्टींत बोलायची सवय लागते आहे. धाकट्या बहिणीकडून आली असणार.
नाव परत पहिल्यासारखं केलं. योग्य सॉफ्टवेअर शोधणार. शिस्तीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिलं सॉफ्टवेअर: फाईल फार मोठी आहे, असं सांगून बंद पडलं. दुसऱ्याने कॉम्प्युटरच बंद पाडला. नाचता येईना अंगण वाकडं, असल्या लायकीची सॉफ्टवेअर.
साडूचा फोन. काही मदत लागली तर सांगा दादा, म्हणाला. आवाजात इतका गोडवा की दातांच्या डॉक्टरला शोभत नाही. सगळं झालंय, म्हणून सांगितलं. तेव्हा म्हणतो, इतक्या मोठ्या फाईलींची लांबी कधीकधी चुकीची दाखवली जाते, तेवढी एकदा तपासा. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही! मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. तपासायचं कसं हे मला कुणी शिकवू नये.
तपासणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
झालं! तिसरं सॉफ्टवेअर गुणी निघालं. मध्ये एक लाल चौकट आली, इंग्रजीत काहीतरी तक्रार. आकार आणि नोंद जुळत नाही, अशा अर्थाची. Ignore असं बटण होतं. दाबलं. बटण दिलंय म्हणजे दाबायलाच दिलंय. नवी फाईल निम्मी व्हायला हवी होती, माझी विसावा हिस्साही नाही! मूळ फाईल गाडाभर, माझी ओंजळभर. हे साडूला साधलं नसतं.
ऐकली. सुरुवातीलाच खुर्ची सरकल्याचा आवाज, मग सासऱ्यांचं खोकणं, मग व्हायोलिन. स्वच्छ. शेवट मुद्दाम ऐकला नाही. तो आधी सासूबाईंच्या कानी पडावा. इतकी सभ्यता साडूला सुचली असती का?

१० नोव्हेंबर, सोमवार
एक गंमत. फाईलची लांबी अकरा मिनिटं दिसते आहे.
जेवणाच्या सुट्टीत विचार केला आणि सगळा उलगडा झाला. टेप अकरा मिनिटांचीच आहे. सव्वादोन तास ही साडूची फेकाफेक. दाव्यातला फुगवटा हा माझा रोजचा विषय. माणसं कपाटभर सामान जळालं म्हणून लिहितात आणि निघतं एक कोट. सासूबाईंनी मात्र लगेच विश्वास ठेवला. जावई डॉक्टर ना!
सोळा तारखेला काही बोलणार नाही. फक्त फाईल वाजवीन. अकरा मिनिटांत संपली की लोक आपोआप त्याच्याकडे बघतील. मी खिडकीबाहेर बघेन.
हिला हे सांगितलं. ही म्हणाली, बाबांनी ती टेप भरली त्या दुपारी मी घरात होते, मला ती दोन तासांची आठवते. लहानपणच्या आठवणी नेहमी लांबट असतात, असं मी समजावलं. ही तेव्हा पंचवीस वर्षांची होती म्हणे. असो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
साडूची हार्ड डिस्क परत द्यायची आहे. त्यातली मूळ फाईल पुसून टाकली. लॉसलेस म्हणजे काहीच गेलेलं नाही, मग मूळ काय उराशी धरून बसायचं? शिवाय डिस्क रिकामी करून देणं हा शिष्टाचार आहे. आपण भांडंसुद्धा घासून परत देतो.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
सगळे जमले. सासूबाई निळी साडी नेसल्या होत्या आणि त्यांनी स्पीकरच्या अगदी जवळची खुर्ची घेतली होती. फाईल मी लावली. सगळे गप्प झाले, माझ्यामुळे. हे फार छान वाटलं.
अकराव्या मिनिटाला वादन ऐन तानेत तुटलं. सूर अर्धा हवेत आणि पुढे काही नाही. लोकांनी बघितलं, पण माझ्याकडे. खिडकीबाहेर बघायचं जमलं नाही, कारण सासूबाई विचारत होत्या, आणि ह्यांचं बोलणं? ते कुठे गेलं?
तेव्हा कळलं, टेप खरंच सव्वादोन तासांची होती. आता ते बोलणं कुठेच नाही, टेपमध्ये नाही, डिस्कमध्ये नाही. पुसणारा मी.
साडू उठला आणि गाडीतून दुसरी डिस्क घेऊन आला. त्याने एक प्रत ठेवली होती. ठेवणारच! त्याने शेवटचा भाग लावला. व्हायोलिन ठेवल्याचा आवाज झाला आणि सासरे म्हणाले, दमलो बुवा. ऐकत होतीस ना? सासूबाईंनी स्पीकरकडे बघून सांगितलं, हो, ऐकत होते. मला रडू आलं. रुमाल साडूने पुढे केला. इस्त्रीचा.

१६ नोव्हेंबर, जेवणानंतर
एक लिहायचं राहिलं.
निघताना मी सासूबाईंना खरं काय ते सांगायला गेलो. खरंच गेलो होतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साडू मध्ये बोलला. आई, दादांचा काही दोष नाही, मीच त्यांना खराब फाईल दिली होती, माफ करा. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, चूक कबूल करायला मोठं मन लागतं.
घरी आल्यावर म्हणाली, किती चांगला आहे ना तो.
लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्या घरात आज पहिल्यांदा एक गोष्ट पूर्णपणे माझी होती, दुसऱ्या कुणाचा हात न लागलेली. तीसुद्धा त्याच्या नावावर गेली.