आर्ग्यू करू नकोस

तीर्थरूप बाबा,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवते वेळेवर, खोकलाही बराचसा गेलाय. तुमचा गुडघा काय म्हणतो?

शब्दकोशाच्या कचेरीत मात्र डोक्याचा भुगा झालाय. दोघांची सही झाल्याशिवाय इथे एकही शब्द पुढे सरकत नाही. माझ्या वाट्याला आलाय ‘आर्ग्यू’, आणि जोडीला समोरच्या टेबलावरचे हट्टी आजोबा! मी म्हणते, आधी आजचा अर्थ द्या: वाद घालणे. ते म्हणतात, आधी मूळ लॅटिन अर्थ: स्पष्ट करणे. आठवडाभर एकमेकांचं डोकं खाल्लं. तरी माझा चहा रोज तेच करतात.

लहानपणी मी तोंड उघडलं की तुम्ही ओरडायचात, “आर्ग्यू करू नकोस!” मी कधी ऐकलं नाही. दादानं ऐकलं.

आई सांगत होती, त्यानं नोकरी सोडल्यापासून तुम्ही दोघं अबोला धरून आहात. एका खोलीत बसून तिच्यामार्फत निरोप? तिनं काय टपालखातं उघडलंय? वैताग आणलाय तुम्ही!

शेवटी काल आजोबांचं ऐकून मी सही केली: आधी ‘स्पष्ट करणे’, मग ‘वाद घालणे’. आता तुम्ही माझं ऐका. दादाला समोर बसवा आणि आर्ग्यू करा.

तुमची,
अजूनही उलट बोलणारी धाकटी