अंगठ्याजवळ हललेली रेघ

मी, खाली सही करणारी, मुलांसाठी जंगली प्राण्यांची खरीखुरी पुस्तके लिहिणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल त्यांनी जे म्हटले आहे ते वाचवत नाही, पण डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. धाकट्या भावाने प्रयत्न करून पाहिला होता, त्याला मी चहा पाजून परत पाठवले. याआधी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात एक कलम नव्हते आणि त्या एका कलमासाठी मी हे सगळे पुन्हा लिहायला घेतले आहे. ते शेवटी येईल, कारण एकदम तिथे जाण्याइतका धीर माझ्यात नाही.

मला आज हयात मूल नाही. हे वाक्य कायद्याला लागते म्हणून वकिलांनी घालायला सांगितले. मला एक मुलगी होती. ती आठ वर्षांची असताना तापाने गेली. हे वाक्य कायद्याला लागत नाही, तरी ते मी घालत आहे.

कलम १. हे घर, म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते माझ्यानंतर भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावे. ती जनावरांची डॉक्टर आहे आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर मांजरांना राहायला द्यावे, माझी हरकत नाही. भावाची असेल, पण त्याची हरकत ही या घरातली जुनी रहिवासी आहे.

कलम २. दुर्बीणही भाचीला. माझे जंगलात घालायचे बूट मात्र भावाला द्यावेत. त्याला ते होणार नाहीत हे मला ठाऊक आहे. "ताई, या वयात कशाला चिखल तुडवत फिरतेस? घरी बसून लिही की! मुलांना काय कळतंय?" असे तो जन्मभर म्हणत आला. बुटांना चिखल आहे तसाच आहे, तो धुऊ नये.

पायांच्या ठशांचे प्लास्टरचे साचे आमच्या भागातल्या शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. त्यांत बिबट्या, अस्वल, लांडगा, पाणमांजर आणि एक अर्धवट कोल्हा आहे. कोल्ह्याच्या वेळी पाऊस आला होता. अट एवढीच की ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. मुलांनी त्यांत बोटे घालायची असतात. बिबट्याच्या ठशात नखे का दिसत नाहीत आणि कुत्र्याच्या का दिसतात, हे बोट घातल्यावर जसे कळते तसे माझ्या चार पानांनीही कळत नाही. फुटले तर फुटू द्यावेत, आणि फोडणाऱ्याला रागावू नये.

कलम ३. आता पुस्तकांचे हक्क. ते भाचीकडे जावेत, पण त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या पुस्तकांत प्रत्येक ठसा खऱ्या मापात छापलेला असतो. सेंटिमीटरने लहान मुलांना काही अंदाज येत नाही, म्हणून ठशाशेजारी मुलीचा हात छापायचा असे आम्ही पहिल्याच पुस्तकात ठरवले. आम्ही म्हणजे मी आणि चित्रकार. चित्रकार म्हणजे माझा नवरा. वाचणारी मुले आधी जनावराच्या पावलावर हात ठेवतात, मग तिच्या हातावर ठेवतात, आणि मग वर्गात जो काही कलकलाट होतो त्यासाठी मी हयातभर लिहीत आले.

दर पुस्तकाला तिचा हात नव्याने काढायचा असा नेम होता, कारण मुलांचा हात वाढतो. अस्वलाच्या पुस्तकाच्या वेळी ती याच टेबलावर हात पसरून बसली आणि चित्रकाराने कडेने पेन्सिल फिरवली. अंगठ्यापाशी तिला गुदगुल्या झाल्या आणि रेघ हलली.

"पुसू का ग?" त्याने विचारले.

"नको बाबा, तिथं मी हसलेय," ती म्हणाली.

तो शेवटचा हात. पुस्तक छापून आले तेव्हा ती नव्हती. नव्या प्रती दारात येऊन पडल्या होत्या आणि ते गठ्ठे उघडायला आम्हा दोघांपैकी कोणी उठत नव्हते. त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात तोच हात आहे. छापखान्यातले लोक दर वेळी फोन करून सांगतात, अंगठ्याजवळची रेघ बिघडली आहे, नीट करून देतो. त्यांचा हेतू चांगला असतो. ती रेघ नीट करू नये. माझ्यानंतर कोणत्याही आवृत्तीत, कोणत्याही कारणाने नीट करू नये. या कलमाचा भंग झाल्यास पुस्तक बाजारातून मागे घ्यावे, असे मी वकिलांकडून पक्के करून घेतले आहे.

कलम ४. प्रकाशकांबद्दल. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. वाघाला टोपी घालून बोलायला लावा, खप वाढेल, असे त्यांनी मला अनेकदा सुचवले आणि मी अनेकदा त्यांचा चहा अर्धा टाकून उठून आले. ते मी केव्हाच सोडून दिले. एक गोष्ट मात्र सुटत नाही. हाताच्या जागी फुटपट्टी घालू या, असे ते एकदा म्हणाले.

"बाई, राग मानू नका. पण गेलेल्या मुलीचा हात मुलांच्या पुस्तकात? पालकांना कळलं तर कसं दिसेल ते?"

मी त्यांना विचारले की हातात तुम्हाला गेलेले काय दिसते, ते दाखवा. त्यांनी पान उलटले आणि विषय बदलला. फुटपट्टी घालू नये. वाघाला टोपी घालू नये. प्रकाशकांना माझ्या टेबलावरचा दिवा द्यावा, त्यांच्या खोलीत फार अंधार असतो.

कलम ५. चित्रकार.

कायद्याने तो आजही माझा नवरा आहे. तो दोन गल्ल्या पलीकडे, तसबिरींना चौकटी करणाऱ्याच्या वरच्या खोलीत राहतो. मी मजकूर पाठवते, तो चित्रे पाठवतो. त्याने काढलेल्या पाणमांजराच्या मिशांवर पाणी आहे की नाही हे बोट लावून बघावेसे वाटते. आमचे बोलणे नाही.

झाले ते असे. ती गेल्यावर तीन वर्षांनी आम्ही लांडग्याचे पुस्तक करत होतो. त्याने चित्र आणून याच टेबलावर ठेवले. ठशाशेजारचा हात मोठा होता, बोटे लांब झाली होती.

"हा हात कुणाचा?" मी म्हणाले.

"तिचाच. अकराची झाली असती. नेम आपलाच आहे ना? हात वाढतो."

"मापं कुठून आणलीस?"

"बाप आहे मी तिचा. मला माप कशाला लागतंय?"

"मोजल्याशिवाय छापायचं नाही, हाही नेम आपलाच आहे. पोरं या पानावर हात ठेवतात. खोट्या हातावर नाही ठेवू देणार मी."

"खोटा?" तो एवढेच म्हणाला, आणि तो शब्द त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला तो परत घ्यावासा वाटला, पण चित्र घेऊन तो दाराबाहेर गेला होता. पुस्तक आठ वर्षांच्या हातासह छापले गेले. माझे चुकले असे मी आजही म्हणत नाही. मुलांना आपण खरे सांगतो असे म्हटले की खरेच सांगावे लागते, अगदी जीव जात असला तरी. माझा गेला. त्याचाही गेला असेल, पण तेव्हा मला माझ्यापलीकडचे दिसत नव्हते.

भाची त्याच्याकडे जाते येते. ती सांगते की तो दर वर्षी, मुलीच्या वाढदिवसाला, तिचा हात काढतो. त्या त्या वयाचा. "आत्या, एकदा बघ तरी," ती म्हणते. मी पाहिले नाहीत. माझ्याने बघवले नसते.

माझ्या कपाटातले मुलीचे फ्रॉक, तिची वेणीची रिबन आणि अस्वलाच्या पुस्तकाचा तो मूळ कागद त्याला द्यावा. त्या कागदाला मी कधी कोणाला हात लावू दिला नाही.

शेवटचे कलम. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई नको म्हणत असताना मी एका शाळेत पुस्तक वाचायला गेले. दुसरीच्या वर्गातली एक मुलगी, समोरचे दोन दात पडलेली, अस्वलाच्या पानावर हात ठेवून उभी राहिली. तिचा आणि माझ्या मुलीचा हात तंतोतंत जुळला. तिने तो पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला.

"ही मुलगी माझ्याएवढी आहे?"

"तेव्हा होती," मी म्हणाले.

"मग आता तिचा हात केवढा झालाय?"

मी प्राण्यांबद्दलचे वाटेल ते प्रश्न झेलले आहेत. हा प्रश्न प्राण्याबद्दलचा नव्हता. शेवटी मी तिला आमच्या पुस्तकातले जे उत्तर खरे होते ते दिले. आमच्या प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे पान 'अजून माहीत नाही' या नावाचे असते. झोपलेल्या अस्वलाला स्वप्ने पडतात का, पाणमांजर एकटे असताना दगडाशी का खेळते, असे ज्याचे उत्तर कोणालाच पक्के ठाऊक नाही ते सगळे त्या पानावर येते. मुलांचे ते सगळ्यात आवडते पान.

"अजून माहीत नाही," मी म्हणाले.

"मग तो शेवटच्या पानावर टाका ना!" ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मी घरी आले आणि खूप रडले. इतकी वर्षे ते पान आम्हा दोघांच्या मध्ये उघडे पडलेले होते आणि ते आम्हाला दिसले नाही.

तर माझी अखेरची इच्छा अशी. हत्तीचे पुस्तक मी पुरे केले आहे, त्यात घडी उलगडून मोठ्या होणाऱ्या पानावर, ठशाशेजारी, मुलीचा आठ वर्षांचा हात, हललेल्या रेघेसह, नेहमीप्रमाणे यावा. 'अजून माहीत नाही' या पानावर मी मजकूर लिहिलेला नाही. ते पान चित्रकाराचे आहे. त्याने काढलेला तिचा सगळ्यात अलीकडचा, मोठ्या बाईचा हात तिथे पूर्ण पानभर छापावा. खाली काहीही लिहू नये. मी तो पाहिलेला नाही, आणि स्वतः न पाहिलेले मी आजवर काही छापू दिलेले नाही. हे छापावे. पहिली प्रत भाचीने त्याच्या खोलीवर नेऊन द्यावी आणि त्याला सांगावे, की तो शब्द मी परत घेतला आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांसमोर त्यावर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) लेखिका
साक्षीदार पहिले : (सही) खालच्या दुकानातले औषधविक्रेते
साक्षीदार दुसऱ्या : (सही) शाळेच्या ग्रंथपालबाई
ठिकाण : राहते घर, तिच्या हाताचे टेबल
दिनांक : आज. तिचा वाढदिवस. दोन गल्ल्या पलीकडे या वेळी तो पेन्सिलीला टोक काढत असेल.