मधल्याच्या वाट्याला न आलेलं प्रथिन

तीर्थस्वरूप ताईस,

मधल्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, पण आठही अंगं मनाने खाली टेकली आहेत असं समज). प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरं तर ते मला ठाऊक आहे आणि म्हणूनच माझ्या पोटात दुखतंय. पंचवीस वर्षांचं इन्सुलिन बंद, सकाळी अर्धी गोळी, आणि साखर अगदी शहाण्यासारखी हद्दीत. धाकट्याचंही तेच. इकडे मी दोन वेळा पोटाला सुई टोचून घेतो, उकडलेल्या भाज्या चघळतो, पहाटे उठून कुत्र्यांच्या पहाऱ्यात चालतो, तरी आकडा दोनशेच्या खाली उतरायला तयार नाही. आम्ही सर्व इकडे मजेत आहोत असं लिहायचं असतं, ते लिहिलं. तीन आठवडे तू कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे तुला ते कापताही येणार नाही.

जनुकांच्या त्या दवाखान्यात आपण तिघांनी जावं ही कल्पना माझी, हे तू विसरली असशील. (डॉक्टरांनी ती आधी धाकट्याला सुचवली हे खरं, पण उचलून धरली मी.) बाबांना बाविसाव्या वर्षी साखर निघाली, आत्याला पंचविसाव्या, तुला सत्ताविसाव्या, धाकट्याला एकोणिसाव्या, आणि सगळे काडीसारखे बारीक. मला निघाली चव्वेचाळिसाव्या. आता मी सगळीकडेच उशिरा पोचतो, त्यात विशेष काही वाटलं नाही. आज तुला एक कबूल करतो, हसू नकोस. साखरेचा तो पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. बाबांचं अक्षर तुला मिळालं, उंची आणि आवाज धाकट्याला. दर महिन्याला त्यांची पिशवी धरून रक्त तपासायला जायचो मी, बाकावर त्यांच्या शेजारी बसायचो मी, आणि आरशात बघावं तर त्यांचं नखही माझ्यात नाही. निदान साखर तरी दिली, असं म्हणून मी पाच वर्षं ती मिरवली. डेपोत कुणी माझ्या पोटाकडे बघितलं, की मी सांगायचो, वडिलोपार्जित आहे.

त्यामुळे दवाखान्यात मी पुढच्या खुर्चीत बसलो यात नवल नाही. बाबांच्या जुन्या चिठ्ठ्यांची फाईल मी तारखेवार लावून नेली होती. (तू नुसती पर्स घेऊन आलीस. धाकटा तर पर्सही न घेता.) त्या सल्लागार बाईंनी सगळं समजावून सांगितलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस, म्हणून परत सांगतो. आपल्या घरात जे बिघडलंय त्या प्रथिनाचं नाव एचएनएफ-फोर-अल्फा. राहायचं माणसाच्या अंगात आणि नाव मोटारीच्या नंबरसारखं. ते यकृतात बसतं आणि तिथल्या कितीतरी जनुकांना कामाला लावतं: तू साखर बनव, तू चरबी पोचती कर, तू आज सुट्टी घे. मी डेपोत बावीस वर्षं दुसरं काय करतोय? कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोण राखीव, कोण घरी, सगळं मी ठरवतो. सापडलं यकृतात म्हणून नावातला पहिला एच यकृताचा, पण स्वादुपिंडातही त्याची हजेरी असते. ते बनवणाऱ्या जनुकाच्या आपल्या घराण्यातल्या प्रतीत म्हणे एक अक्षर चुकलंय, त्यामुळे तिथे इन्सुलिनच्या कामाची ड्यूटी नीट लागत नाही. ऐकताक्षणी मी मनात म्हटलं, हे तर माझंच! घरात ड्यूटी लावणारा मी एकटा. तू शिक्षिका, धाकटा चष्मे विकतो, तुमचा संबंध काय?

मग बाईंनी घराण्याचा नकाशा काढला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि ज्यांच्यात ते बिघडलेलं अक्षर असेल ते काळे भरायचे. माझा चौकोन त्यांनी माझ्या आग्रहाखातर पेन्सिलीने आधीच भरून टाकला. पुढे त्यांनी आपली जन्माची वजनं विचारली, आणि माझी पहिली पाल तिथेच चुकचुकली. ही मुलं पुष्कळदा वजनदार जन्मतात म्हणे. तू सव्वाचार किलो, धाकटा साडेचार. (त्या फोटोत आईच्या मांडीवर तो आहे की आईच त्याच्या मांडीवर आहे, हे अजून नीट कळत नाही.) मी पावणेतीन. मी सुचवून पाहिलं की दवाखान्याचा काटा बिघडला असेल. बाईंनी पावणेतीनच लिहिलं.

निकालाच्या दिवशी तर हात दाखवून अवलक्षण झालं. बाई तुझ्याकडे वळून हो म्हणाल्या, धाकट्याकडे वळून हो म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून हसल्या. मला वाटलं, मुख्य वारस म्हणून हसतायत. "तुमच्यात नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नळ्या बदलल्या असतील. त्यांनी परत रक्त घेतलं, परत नाही. मग मी (तुम्ही दोघं चहाला गेलात तेव्हा) जरा आडवळणाने विचारलं, की जन्मतेवेळी बाळं बदलण्याचे प्रकार होतात का. त्या न रागावता म्हणाल्या, अहो, दर मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं असतं, तुम्हाला वडिलांची चांगली प्रत मिळाली. मग माझी साखर कुठून आली? बाईंनी टेबलापलीकडून एकदा माझ्या पोटाकडे बघितलं, आणि मग फार सभ्यपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यानंतर त्यांनी खोडरबर काढून माझा चौकोन पुसला. पुसताना कागद थोडा फाटला.

ताई, तेव्हापासून माझा नुसता जळफळाट चालला आहे. धाकट्याला बघायला शिकाऊ डॉक्टर येतात, त्याचं रक्त दूर कुठल्या प्रयोगशाळेत गेलंय, आणि त्या सगळ्यांत तो 'इंटरेस्टिंग केस' आहे. मला बघून एक शिकाऊ पोरगी एवढंच म्हणाली, की काका, जिन्याने जात जा. म्हणजे बाबांचं प्रथिनही नाही, त्या बिघाडालाच लागू पडणारी तुमची अर्धी गोळीही नाही, आणि इन्सुलिन मात्र आहेच. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आईला सांगितलं तर तिने आधी देवाला हात जोडले, मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे हा माझ्यावर गेला." एकोणपन्नास वर्षांनी तिला कुणीतरी आपलं सापडलं. तिला एवढा आनंद झाला की मला तोंड पाडूनही बसता येईना.

कळावे. लोभ आहे, तेवढाच हेवाही आहे, दोन्हींचा स्वीकार व्हावा.

तुझा,
मधला

ता. क. — हे वर लिहिलेलं माझ्या बायकोला कळता कामा नये. आजवर ती 'रक्तातच आहे, बिचाऱ्याने काय करावं' म्हणून चहाबरोबर दुसरं बिस्किट देत होती. तिला मी सांगितलंय की अहवाल संदिग्ध आहे. तिने विचारलंच तर तूही संदिग्ध बोल.

ता. क. २ — वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुझ्या लेकीला तू अजून सांगितलेलं नाहीस. परवा तिचा मला फोन आला, मामा, आईला झालंय काय? मी दातदुखी सांगून वेळ मारून नेली. तिला सातवा महिना लागलाय. बाई मलाही दोनदा म्हणाल्या, की तिच्यात हे असेल तर डॉक्टरांना बाळंतपणाआधी कळायला हवं, बाळ वजनदार असू शकतं, आणि जन्मल्याबरोबर त्याची साखर एकदम उतरू शकते. पहिल्या तासांपासून लक्ष ठेवलं की निभावतं. ती स्वतः जन्मली तेव्हा तिचे हातपाय कसे थरथरत होते ते आठव. आपण थंडी समजून दुपट्यांवर दुपटी घालत बसलो होतो. गुरुवारी साडेदहाची वेळ मी तिच्या नावाने घेतली आहे. ड्यूटी बदलून घेतली आहे, मी स्वतः न्यायला येतो. तू तिला बुधवारपर्यंत सांग, नाही तर रस्त्यात मी सांगेन, आणि मला हे नीट सांगता येत नाही हे तू पाहिलंच आहेस.

ता. क. ३ — तू का गप्प आहेस ते मला कळतं. तिला वाटेल, हे आईने दिलं, अशी भीती आहे ना? बाबांनी तुला दिलं म्हणून तू त्यांच्यावर कधी रागावलीस का? धाकटा रागावला का? मला दिलं नाही म्हणून मी रागावलोय तेवढा या घराला पुरे आहे.