साखरेचा फ्रॉक

१२ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भाऊजींनी गच्चीच्या दाराला रंग दिला. दारापेक्षा सदऱ्यालाच जास्त लागलाय.

शेजारच्या काकूंनी माझी चहातली साखर बंद करायचं फर्मान काढलंय. "कॅन्सर साखरेवरच पोसतो म्हणे!" मी म्हटलं, "काकू, माझी बहीण साखरेवरच संशोधन करते. पण ती डब्यातली नाही, पेशींच्या अंगावरची. शरीर स्वतःच बनवतं." "मग बहिणीला सांग, शरीराला जरा दम दे म्हणावं!" मी दोन चमचे घालूनच प्यायले.

तुझं शाळेत नाव घालायच्या आधीची गोष्ट आठवते? माझा जुना गणवेश चढवून तू माझ्यामागोमाग कॉन्व्हेंटच्या फाटकातून आत शिरलीस. फाटकावरच्या सिस्टरनी निळा फ्रॉक पाहिला, चेहरा पाहिलाच नाही. मी बाकावर सरकून तुला जागा केली आणि मधल्या सुट्टीत तू माझा सगळा डबा फस्त केलास.

मागे फोनवर तू म्हणालीस, कॅन्सरच्या पेशी अंगावर साखरेचं असं पांघरूण घेतात की पहाऱ्यावरच्या पेशी त्यांना घरच्याच समजून सोडतात, आणि मग त्या भलतीकडे जाऊन बिऱ्हाड थाटतात. मला लगेच कळलं. निळा फ्रॉक!

तेव्हाच तू कुरकुरलीस, "ताई, तपासायला एखाद्या बाईची पहिली गाठ मिळते गं. त्याच बाईची पसरलेली दुसरी मिळत नाही. जोडी नसेल तर साखर कशी बदलली ते कळणार कसं?"

ऑपरेशनात काढलेली माझी पहिली गाठ तुमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये आहेच.

चिंगे, जोडी जमली.

दुसरी यकृतात आहे. गुरुवारी सुईने तुकडा काढला. तपासून उरेल तो तुमच्या प्रयोगशाळेत पाठवायला डॉक्टरांना सांगून सही केली. सोमवारपासून उपचार सुरू. मी ते शेवटपर्यंत घेणार आहे.

हे वाचून तू बॅग काढशील. काढू नकोस. उशाशी बसायला तुझे भाऊजी आहेत. तुझ्या टेबलाशी बसायला तूच हवीस. तुकड्याच्या नळीवर नाव नसेल, नुसता आकडा असेल. रडायचं ते आज रडून घे, कामाच्या वेळी हात स्थिर हवा. आणि सिस्टरसारखी फसू नकोस. फ्रॉक उतरवून चेहरा बघ.

मे महिन्यात सुट्टी काढून ये. डबा तयार असेल.

बाकावर तुझ्यासाठी अजून सरकून बसलेली,
तुझी ताई