निरोगी माणसाच्या चौदा शिंका

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? झोप लागते ना? (आमच्याकडे सगळं ठीक आहे, हे लिहायचं असतं म्हणून लिहितोय.)

मी अकरा वर्षं ज्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो, तिथल्या मॅडम सध्या रक्तातल्या मदतनीस टी पेशींच्या मागे लागल्या आहेत. या पेशी आधी कोऱ्या असतात. भोवतालून जसे रासायनिक निरोप येतील तशा घडतात. एक जात जंतूंशी लढते, एक बाकीच्यांना आवरते, आणि एक मुळात पोटातल्या जंतांसाठी असते, पण बिनसलं की साध्या धुळीवरही तुटून पडते. मग दमा, शिंका, खाज. (तुझ्या जाऊबाईंना तर धूळसुद्धा लागत नाही.)

तर बारा दमेकऱ्यांचं रक्त ताडून पाहायला निरोगी माणसं बोलावली होती. सुई म्हटल्यावर एकही फिरकलं नाही. म्हणून मी बाही वर केली. उंदरांच्या खोलीतच बसून ‘ॲलर्जी आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि त्याच अर्जावर शिंकलो. मला शिंका फक्त उंदरांच्या खोलीत नि उंदरांजवळच येतात, त्यामुळे दोष उंदरांचा, असं मी धरून चाललो होतो.

निकाल आला. माझ्यात ती जंतवाली जात बाराही दमेकऱ्यांपेक्षा जास्त! मॅडम हरखल्या. या पेशी वाढणं हेच निरोगीपणाचं लक्षण, असा शोध त्यांनी भरसभेत मांडला. नेमका तेव्हा मी सभेला दाखवायचा उंदरांचा पिंजरा घेऊन व्यासपीठावर चढलो आणि शिंकलो. चौदा वेळा. (मी नाही, सभागृहाने मोजल्या.) मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तो तुमचा निरोगी माणूस कोण?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आत्या, धरणी दुभंगली असती तर मी पिंजऱ्यासकट आत गेलो असतो.

त्यांनी मला काढलं नाही. रोगी क्रमांक तेरा केलं, आणि उंदरांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. आता बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. नाक कोरडं ठणठणीत आहे, आणि अजिबात करमत नाही.

तुझा भाचा

ता. क. मॅडमना आता खरोखर निरोगी माणूस हवाय. एकाहत्तर वर्षांत तू एकदाही शिंकली नाहीस, हे मी सांगून बसलोय. सोमवारी नऊला, उपाशीपोटी.

ता. क. दुसरं. पत्र आणणाऱ्याच्या हातात भोकं पाडलेला डबा आहे. तो खाऊ नाही. आत आमच्या प्रयोगशाळेतली एक उंदरीण आहे; ती निवृत्त आहे, चावत नाही, शेंगदाणे खाते. तुझ्या सुनेला कळू देऊ नकोस. मी दर रविवारी तिला भेटायला येईन, नाकाला रुमाल बांधून.