अमावस्येची शपथ

कार्तिक वद्य १३, मंगळवार
मागच्या वर्षीच्या डायरीत पानं उरली आहेत, त्यावरच लिहिते. मनीने रत्नागिरीहून फोटो पाठवला. एम.एस्सी.साठी ज्या जीवाच्या मागे लागली आहे, तो. शंखावर गुलाबी बुरशी आल्यासारखा दिसतो. म्हणाली, "बुरशी नाही आई, जनावर आहे. राजगिऱ्याएवढी तोंडं, शंभर. पण पोट एकच. एकाने खाल्लं की सगळ्यांचं भरते." राहतो कुठे, तर पार खोलातल्या खडकांच्या पोटाशी. ते खडक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारासच उघडे पडतात. गुरुवारी जाणार. म्हणजे ऐन अमावस्येलाच.

वद्य १४, बुधवार
पूजेत मन लागेना. फोन केला. "अमावस्येले पाण्यात पाय घालायचा नाही. माझी शपथ आहे तुले."
हसली. "त्या दिवशीच तर समुद्र सगळ्यात मागे जाते, आई." मग, "बरं."
हे म्हणाले, "पोरीले शिकू दे नं. काहून भेऊन राहिली वं?"

अमावस्या, गुरुवार
मनी रूमवरच. दत्ताला नारळ फोडला. जिवाला शांत वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध २, शनिवार
दुपारी मनीचा फोन. "परवा सर अन् सगळे गेले, दोर घेऊन. त्यांचं काम झालं, परतले ते. माझंच राहिलं. आज जाऊन येते."
एकटी?
"हो. ओहोटी रोज पाऊण तास पुढे जाते, अंधार होईन थोडा. पण अमावस्या टाळली नं, तू म्हटलं तसं."
म्हटलं, शपथ सुटली, पौर्णिमेले जा, लोकांसोबत जा. तर म्हणे, तवापर्यंत नमुने जमा करायची मुदत संपते.

संध्याकाळी, तोच दिवस
दिवा लावला. परवा उजेड होता, दोर होता, माणसं होती. त्यातून मीच तिला काढलं.
फोन उचलत नाही. हे म्हणतात, दगडांत पिशवीतला फोन ऐकू येते का, जेवून घे. ताट झाकून ठेवलं. पोट एकच.
कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भरती-ओहोटीचं कोष्टक असते. इतकी वर्षं उलटून पाहिलं नाही, नागपुरात काय काम त्याचं. आज पाहिलं. मुंबईचं आहे, तरी. ओहोटी ६.३५. घड्याळात ७.२०.
म्हणजे पाणी फिरलं.
यांनी परत लावला. रिंग जाऊन राहिली